चाळीस तिकिटं

६ जानेवारी

विहीणबाई, नमस्कार.

मुलांचा निरोप तुम्हाला मिळाला असेलच. म्हणजे माझ्या आधीच मिळाला असेल. सूनबाईला दिवस गेल्याची बातमी तुम्हाला शनिवारी कळली आणि मला सोमवारी, हे मी विसरलेले नाही. विसरणारही नाही. तीस वर्षं कचेरीत आवक-जावक सांभाळली आहे. कुठला कागद कुणाच्या टेबलावर आधी गेला, ते माझ्या डोक्यात पक्कं बसतं.

तर मुद्दा असा. बाळंतपण जूनमध्ये. तिकडे परदेशात एका वेळी एकाच आजीला बोलावता येतं, सहा महिन्यांसाठी. कुठल्या आजीनं यायचं, ते मुलांनी आपल्या गळ्यात घातलंय. 'तुम्ही दोघी आपसात ठरवा' म्हणे. स्वतः नामानिराळे! अट एकच. येणारीला बसनं, गाडीनं एकटीनं फिरता आलं पाहिजे. सूनबाईची रजा तीन महिन्यांत संपणार, मग बाळ अर्धा दिवस पाळणाघरात, आणि तिथून घरी आणायचं आजीनं. आधी बस, मग आगगाडी, मग पुन्हा बस. तिकडे न्यायला-सोडायला कुणी रिकामं नसतं.

आता खरं बोलू का? मी उभ्या जन्मात बसनं फिरलेले नाही. क्वार्टरच्या समोर कचेरी. रस्ता ओलांडला की टेबल. तुम्ही घरधन्याच्या स्कूटरवर मागे बसून फिरलात, आणि ते गेल्यापासून शिवणक्लासची खोली ते स्वयंपाकघर एवढाच तुमचा प्रवास. दोघी सारख्याच ढ. म्हणून पैज लावते. मार्चअखेर मुलांना नाव कळवायचंय. तोवर आपापल्या गावात जी एकटीनं चाळीस वेळा प्रवास करील, ती जाईल. पुरावा म्हणून तिकिटं पोस्टानं पाठवायची. फोन नको. फोनवर तुम्ही इतकं गोड बोलता, की खाली ठेवल्यावर कळतं, मी कशाला तरी हो म्हणून बसले.

बोला, आहे तयारी?

तुमच्या जावयाची आई


१२ जानेवारी

विहीणबाई,

तयारी आहे की! न असायला काय झालं? तुमचं पत्र ऐकून शेजारच्या मास्तरीणबाई म्हणाल्या, "काय खणखणीत लिहितात हो तुमच्या विहीणबाई!" मी म्हटलं, बोलतात त्याहून खणखणीत.

शनिवार-सोमवारचं तुम्ही मनाला फार लावून घेतलंत. अहो, लेक आहे माझी. पहिलं मला नाही तर कुणाला सांगेल? आणि जावईबापूंना मी काही फोन करायला सांगत नाही, ते आपणहून करतात. काल रविवारी शर्टाचं बटण कसं लावायचं ते विचारत होते. अर्धा तास लागला. हसून हसून पुरेवाट झाली. तुमच्याकडे हे कधी विचारलं नाही का त्यांनी? नसेल. तुम्ही कामात असायचात.

पैज मान्य. सोबत चार तिकिटं धाडते आहे. सुरुवात केलीसुद्धा! बसमध्ये वारा फार लागतो. लग्नात मी शिवून दिलेला राखाडी कोट घालत जा. ट्रंकेत ठेवायला नाही शिवला तो.

तुमच्या सुनेची आई


२० जानेवारी

विहीणबाई,

चार तिकिटं मिळाली. तारखा तपासल्या. ठीक आहेत.

बटणाचं वाचलं. मुलानं बटण तुटल्याचं मला कधी सांगितलं नाही, खरं आहे. मी दुसरा शर्ट काढून द्यायचे. असो.

माझी हकीकत ऐका. पहिल्या दिवशी थांब्यावर चाळीस मिनिटं उभी राहिले आणि सहा बसेस माझ्या नाकासमोरून निघून गेल्या. मला वाटलं, थांब्यावर माणूस उभं आहे म्हटल्यावर बस थांबणारच. शेवटी एक कॉलेजातली पोरगी म्हणाली, "काकू, हात करायचा असतो." हे थांब्यावरच्या पाटीवर का लिहीत नाहीत? दुसऱ्या दिवशी हात केला, तर उतरायच्या दारानं चढले आणि उतरणारी तीन माणसं पुन्हा आत ढकलली. कंडक्टर ओरडला. तिकीट दिलं त्यानं, पण त्यावरची तारीख पुसट! मी म्हटलं, "यावर सही करा." तो म्हणाला, "कशाला?" मी म्हटलं, "पुरावा आहे." तो म्हणाला, "बाई, ही बस आहे, कोर्ट नाही." सगळी बस हसली. तरी मी हटले नाही, घेतलीच सही. सोबतच्या तिकिटावर बघा, डाव्या कोपऱ्यात.

माझी दोनच झाली आहेत आणि तुमची चार. जीव नुसता जळतोय. रात्री पडल्या पडल्या तुम्ही बाळाला मांडीवर घेऊन बसलेल्या दिसता आणि मी उठून पाणी पिते.

अजून एक. तुमचं अक्षर काय ते! एका पानावर बारा ओळी. कागद फुकट मिळतो की काय?

तुमच्या जावयाची आई


३० जानेवारी

विहीणबाई,

मोठ्या मनाच्या माणसाचं अक्षर मोठंच असायचं.

कंडक्टरच्या सहीनं मास्तरीणबाई आणि मी इतक्या हसलो, की शिवणक्लासच्या पोरी बघायला आल्या. पण आता मी पुढे गेले हं. सोबत अठरा तिकिटं. आधीची चार धरून बावीस! बसचं मला आता काही वाटत नाही. आमची बस बाजाराकडे वळली की खिडकी उजव्या खांद्याला लागते. मग लाकडाच्या वखारीचा वास येतो. मग पूल. पुलावर चाकांचा आवाज पोकळ होतो. तो थांबला की तिसरा थांबा आपला. इतकं सोपं आहे.

मधे बावीस तारखेला, गुरुवारी, तापानं फणफणले. दिवसभर अंथरुणातून उठवलं नाही, मास्तरीणबाईंनी पेज करून घातली. नाहीतर चोवीस झाली असती.

जावईबापू म्हणत होते, "आई, तुम्हीच याल बहुतेक." मी म्हटलं, तसं नका बोलू, तुमच्या आईला वाईट वाटेल.

तुमच्या सुनेची आई


५ फेब्रुवारी

विहीणबाई,

'आई, तुम्हीच याल बहुतेक.' हे माझा मुलगा म्हणाला? आणि तुम्ही ते मला लिहून कळवलंत. छान. शिवण मऊ असली तरी सुई टोचायची ती टोचतेच तुमची.

माझी अकरा झाली. काल परत येताना उलट्या दिशेची बस पकडली, गावाबाहेर कोंबड्यांच्या फार्मपाशी उतरले, आणि दीड तास परतीच्या बसची वाट बघत कोंबड्या मोजल्या. ते तिकीटही जोडलंय. तेही चाळिसात धरायचं, सांगून ठेवते.

ताप उतरला ना? नाही, सहज विचारते. बावीस तारखेला तुम्ही अंथरुणात होतात म्हणता, आणि तुमच्या अठरांत बावीस तारखेची दोन तिकिटं आहेत. एक सकाळी सात दहाचं, एक दुपारी एक चाळीसचं. तापात बसमध्ये थंडी नाही वाजली? कोटबिट घातला होता ना?

आणखी एक गंमत. तुमची सगळीच तिकिटं सकाळी सात दहाची नाहीतर दुपारी एक चाळीसची. रविवारचं एकही नाही. एखाद्या शाळेत नोकरी धरलीत की काय?

तुमच्या जावयाची आई


११ फेब्रुवारी

विहीणबाई,

ताप तेवीसला होता. लिहिताना चुकलं. वेळेचं म्हणाल तर मला शिस्त आवडते.

सोबत नऊ. एकूण एकतीस.

तुमच्या सुनेची आई


१९ फेब्रुवारी

विहीणबाई,

मागच्या पत्राला तुमचं उत्तर नाही. रुसलात की बस चुकली?

परवा मंगळवारची गोष्ट सांगते. थांब्यावर उभी होते. ऊन डोळ्यांवर येत होतं, म्हणून शेजारच्या एका बाईंना विचारलं, "ताई, ही कितवी हो?" अगदी हातभर अंतरावर उभ्या होत्या. पण उत्तर देतील तर शपथ! हूं नाही की चूं नाही. मला वाटलं, ऐकू आलं नसेल, म्हणून बाहीला हात लावून पुन्हा विचारलं. तरी गप्प. बस निघून गेली. अशी उद्धट माणसं असतात बघा. कोट मात्र छान होता त्यांचा. कोपराशी दुहेरी शिवण होती. अशी शिवण हल्ली कुणी घालत नाही.

तुमच्या ओळखीत आहे का अशी कुणी उद्धट बाई?

तुमच्या सुनेची आई


२४ फेब्रुवारी

विहीणबाई,

आहे ओळखीत. मीच ती.

तुमची तिकिटं त्या मास्तरीणबाईंची आहेत, हे मला आधीच कळलं होतं. तुम्हाला रंगेहाथ पकडायला म्हणून मी मंगळवारी पहाटे निघाले. तीन बसेस बदलल्या, चार तास लागले. जन्मात एवढा प्रवास एकटीनं केला नव्हता. रागाच्या भरात कुठेही चुकले नाही, हात केला, बरोबर दारानं चढले. तुम्हाला बघून काय म्हणायचं ते वाटेत पाठ केलं होतं. 'काय विहीणबाई, झाली का चाळीस?' एवढंच. आणि मग तुमचं तोंड बघायचं होतं मला. उतरलेलं.

औषधांच्या दुकानाच्या खांबाआड उभी होते. तुम्ही आलात. काळा चष्मा, हातात पिशवी. प्रत्येक बसला शेजारच्याला विचारत होतात. मला वाटलं, नाटक चाललंय. मी पुढे आले. पाठ केलेलं वाक्य जिभेवर होतं. तेवढ्यात तुम्हीच माझ्याकडे वळलात आणि म्हणालात, "ताई, ही कितवी हो?" चष्मा तुम्ही डोक्यावर सरकवला होतात. तुमची नजर माझ्या तोंडावरून भिंतीवरून जावी तशी गेली. तुम्हीच शिवलेला कोट माझ्या अंगात होता, विहीणबाई! माझी वाचाच बसली. तुम्ही तासभर उभ्या राहिलात. सात बसेस सोडल्यात. मग पायानं फुटपाथची कड चाचपत घरी गेलात. मी गल्लीच्या तोंडापर्यंत मागे आले आणि परतले. येताना मात्र दोनदा चुकीच्या ठिकाणी उतरले.

घरी येऊन मी काय केलं, तेही सांगते. मुलाला पत्र लिहिलं. 'तिच्या आईनं खोटी तिकिटं पाठवली, तिला दिसत नाही, तिच्या हाती बाळ देऊ नका.' तीन ओळी. पाकिटात घातलं, वर तिकीट चिकटवलं. कोपऱ्यावरच्या पेटीत टाकायला गेले, तर पेटीचं तोंड गंजून बसलेलं. दुसऱ्या पेटीपर्यंत चालताना विचार बदलला. पेटी धड असती तर पत्र गेलं असतं. मी फार चांगली बाई आहे असं समजू नका.

मी जळते तुमच्यावर. मुलगा तुमच्याशी हसतो म्हणून जळते. सूनबाई मला 'अहो आई' म्हणते आणि तुम्हाला 'अगं आई', म्हणून जळते. म्हणून मला जिंकायचं होतं. आता मी जिंकले आहे आणि माझ्या घशाखाली घास उतरत नाही.

डोळ्यांचं काय आहे? खरं लिहा.

तुमच्या जावयाची आई


३ मार्च

विहीणबाई,

मला कळलं होतं.

कोपराशी दुहेरी शिवण मी जन्मात एकाच कोटाला घातली. तुमची कोपरं कचेरीच्या टेबलावर घासतात म्हणून. बाहीला हात लागला आणि ओळखलं. तुम्ही हातभर अंतरावर श्वास रोखून उभ्या होतात. मी दोन दिवस विचार केला आणि मग ते पत्र लिहिलं, तुम्ही कबूल करता की नाही ते बघायला. केलंत. मास्तरीणबाई वाचताना मधेच थांबल्या आणि पाणी पिऊन आल्या. हो, तुमची पत्रं त्याच वाचून दाखवतात मला. सगळे टोमणे मोठ्यानं. तुमच्या अक्षरातला काना-मात्रा मला दिसत नाही.

काचबिंदू आहे. डावा डोळा गेलाच. उजव्यानं दोऱ्याच्या रिळाच्या भोकातून दिसावं तेवढं दिसतं. डॉक्टर म्हणाले, वर्षभर राहील, कदाचित त्याच्याही आत जाईल. सुईत दोरा पोरी ओवून देतात, मी कापते हाताच्या अंदाजानं. एकटीनं बसनं मी तीनदाच गेले. तिसऱ्या वेळी शेवटच्या थांब्यावर पोचले, उतरले, आणि कुठे आहे तेच कळेना. तिथं बाकावर बसून रडले. पूल आणि वखार मास्तरीणबाईंच्या सोबतीनं शिकले. मग त्यांचीच तिकिटं तुम्हाला धाडली. तरी रोज थांब्यावर जाऊन उभी राहायचे, आज चढेन, आज चढेन म्हणून. लबाडी केली. हो, केली.

लेकीला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, तू नको येऊस. मला तिचं बाळ बघायचंय हो. फोनवर रडणं ऐकायचं नाहीये, कुणी वर्णन केलेलं नकोय. डोळ्यांनी बघायचंय, एकदा. तुमच्यापुढे सगळं आयुष्य पडलंय. दुसरं होईल त्यांना, तिसरं होईल, तुम्ही बघाल. मला हे एकच आहे.

आता तुमच्या मनात येईल ते करा. पैज तुम्ही जिंकलात. पण कीव करायची असेल तर उत्तर लिहू नका. तुमचे टोमणे परवडले.

तुमच्या सुनेची आई


९ मार्च

विहीणबाई,

कीव? ती माझ्या कपाटात नाही. तुम्ही मला दोन महिने उल्लू बनवलंत, त्याचा राग अजून आहे. तो उतरेल तेव्हा कळवीन.

कामाचं बोलू. मुलांनी पाठवलेली नियमांची सतरा पानं मी काल चष्मा पुसून वाचून काढली. मुलांनी वाचली नाहीत, तुम्ही वाचली नाहीत, मीही वाचली नव्हती, कारण दोघींना सहाच्या सहा महिने हवे होते. नववं कलम. एक आजी परत गेली की त्याच कागदावर, उरलेल्या मुदतीसाठी, दुसरी येऊ शकते. म्हणजे तीन तुमचे, तीन माझे. पाळणाघर केव्हा सुरू होणार? रजा संपल्यावर, म्हणजे चौथ्या महिन्यात. पहिल्या तीन महिन्यांत तुमची लेक घरीच आहे. तेव्हा बाळाला कुणी बसमधून आणायचं नाहीये, नुसतं मांडीवर घ्यायचंय. ते तुम्हाला येतं. नंतरचं बसचं काम माझं.

कळलं का मी काय लिहिलंय? पहिले तीन तुमचे.

दोन अटी. एक, डोळ्यांचं लेकीला सांगायचं. माझ्यासमोर, फोनवर, तुमच्या तोंडानं. त्या पोरीपासून हे लपवायला मी मदत करणार नाही. दोन, आत्तापर्यंतची तुमची सगळी तिकिटं रद्द. चाळीस पुन्हा पहिल्यापासून, एकटीनं. तिकडे गेल्यावर घरात कोंडून बसलात आणि लेकीवर भार झालात तर मला चालणार नाही.

येत्या सोमवारी येते, पंधरा दिवसांसाठी. बस मी शिकवीन. गादी जाड नको, कंबर धरते.

तुमच्या जावयाची आई


४ एप्रिल

विहीणबाई,

पोचले. या वेळी एकदाही चुकले नाही.

घर रिकामं वाटतंय. तुमच्या मशीनचा आवाज कानात बसलाय. पंधरा दिवसांत तुम्ही मला बस शिकवलीत की मी तुम्हाला, हे अजून ठरत नाही. मी मागच्या सीटवर बसून थांबे मोजायचे आणि चुकायचे. तुम्ही डोळे मिटून "आता वखार, आता पूल" म्हणायचात आणि बरोबर जागी उठायचात. शेवटच्या दिवशी तुम्ही एकट्या गेलात आणि मी थांब्यावर थांबले, तेव्हा तुम्ही परत येईपर्यंत मी तीन जणांना विचारलं, ही कितवी म्हणून. बसची पाटी समोर दिसत असून!

कंडक्टर तुम्हाला हात धरून जागा देतो. माझ्याकडे बघून म्हणतो, "पुढे सरका." त्याचीही नोंद घेतली आहे मी.

तुम्ही लेकीला सांगितलंत तेव्हा ती फोनवर रडली. मग मुलानं फोन घेतला आणि पहिलं काय म्हणाला? "आई, तू आहेस ना तिथे? मग ठीक आहे." मला म्हणाला. तुम्हाला नाही. ते वाक्य मी रोज एकदा आठवते.

काल फॉर्म भरून पाठवला. 'प्रथम येणारी व्यक्ती' या रकान्यात तुमचं नाव लिहिलं. पेन दोनदा थांबलं. तीस वर्षांत कुठल्या रकान्यात माझं पेन थांबलं नव्हतं. मी अजून जळते, हे लक्षात असू द्या. जून आला की तुम्ही तिला किंवा त्याला हातात घ्याल आणि मी इथे दारात पोस्टमनची वाट बघत बसेन.

थेंब वेळेवर घाला. डोळ्यांत घालायचे. नाहीतर पिशवीत तशीच बाटली घेऊन फिराल.

तुमच्या जावयाची आई


१८ ऑगस्ट

विहीणबाई,

फोनवर बोलतो ते वेगळं. हे पत्र मीच लिहितेय, जाड पेनानं. पानावर सहा ओळी मावतात. कागद इथे फुकट मिळत नाही, पण बोलणं आवरत नाही.

तुम्ही फोनवर तीनदा विचारलंत, कुणासारखी दिसते. मी तीनदा म्हटलं, लहान मुलं सगळी सारखीच. खोटं बोलले. ती तुमच्यासारखी दिसते. नाक तुमचं. कपाळाला आठी तुमची. दूध पाजायला घेतलं तरी आधी तपासून बघते, मग तोंड लावते. मला इतका राग आला, काय सांगू! मी इतक्या लांब आले, आणि मांडीवर कोण, तर तुम्हीच!

मी तिला रोज सकाळी खिडकीशी नेते. रिळाच्या भोकात सगळी एकदम मावत नाही. आधी एक डोळा, मग नाक, मग ओठ, मग हनुवटी. कापड बेततात तशी रोज बेतते. आता पाठ झाली आहे. भोक गेल्या महिन्यापेक्षा लहान झालंय, पण आता झालं तरी चालेल. लेकीला हे सांगितलं नाही, तुम्ही अट मोडल्याची ओरड करालच. तुम्ही आल्यावर मीच सांगेन, विमानतळावर, तुमच्यासमोर.

पाकिटात तिकिटं आहेत. सगळी माझी, इथे जाऊन-येऊन दिवसाला एकच लागतं. रोज दुपारी बाळ झोपलं की मी पाळणाघरापर्यंत एकटी जाऊन येते. तिथं आत जात नाही, फाटकाला हात लावते आणि फिरते. तुमच्यासाठी वाट शिकून ठेवली. घरासमोर हात करायची गरज नाही, इथे बस आपणहून थांबते, तुम्ही उगाच हात करत राहाल. पहिल्या बसमध्ये बेकरीचा वास आला की उतरा. आगगाडीत डाव्या बाजूला बसा, उजवीकडची दारं तिथे उघडतात आणि लोक ढकलतात. पुढच्या बसला दोन वळणं, एक चढ, आणि चढ संपला की पाचवा थांबा. फाटकाची कडी गार असते.

तिकिटं तुम्ही मोजालच. एकोणचाळीस भरतील. तपासायला बसू नका, चाळिसावं हरवलेलं नाही. बाळाला मी अजून बसमध्ये नेलेलं नाही. डॉक्टरकडे जाताना लेक म्हणाली, "आई, चल ना आपण बसनं." मी म्हटलं, पाय दुखतोय, गाडी बोलव. पाय काही दुखत नव्हता. तिचा बसमधला पहिला प्रवास तुमच्यासोबत. ते तिकीट तुम्ही काढा.

तुम्ही जळता जळता म्हणून लिहीत होतात ना इतके महिने? आता माझं ऐका. पहिलं तोंड मी बघितलं, खरंय. पण ती रांगेल, उभी राहील, तुमच्या कोटाची बाही धरून बसमध्ये चढेल, शाळेत जाईल, कुणाकडे बघून हसेल, ते सगळं तुम्ही बघाल. मला लोक सांगतील. मी जळते तुमच्यावर, विहीणबाई. अंगाचा नुसता तिळपापड होतो. लिहून टाकलं, आता बरं वाटतंय.

लवकर या. मी एकतीसला निघते, आपली इथल्या विमानतळावर अर्ध्या तासाची गाठ पडेल. मला ओळखलं नाही असं म्हणू नका, मी बाहीला हात लावून बघणार आहे.

पाचवा थांबा, लक्षात ठेवा. सहाव्याला उतरलात तर मला कळवू नका.

तुमच्या सुनेची आई